विश्लेषण : घरगुती गिटारसाठी खोके कोणते निवडायचे? अब्दुल करीम खाँ आणि मिरजेच्या भोपळ्याची गोष्ट

लाकडाचे एक खोके, एक दांडी आणि तीन तारा. एवढ्या सामानात घरच्या घरी गिटार तयार होते, असे दाखवणारे व्हिडीओ मोबाइलवर सहज सापडतात. परदेशात त्यासाठी सिगारचे रिकामे खोके वापरतात. भंडारा जिल्हा विडीचा. इथे विडी कागदी बंडलात मिळते, लाकडी खोक्यात नाही. त्यामुळे हौशी माणूस पहिल्याच पायरीवर अडतो. खोके कोणते घ्यायचे? पत्र्याचे चालेल? सुक्या मेव्याचे? पुठ्ठ्याचे?

हा प्रश्न नवा नाही. तार तीच, बोटे तीच. पण खाली पोकळी कोणती आहे यावर आवाज ठरतो, हे महाराष्ट्रातल्या एका गावाला दीडशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. ते गाव म्हणजे मिरज. तिथे खोक्याऐवजी भोपळा निवडतात. आणि त्या भोपळ्यातून निघणाऱ्या स्वरावर ज्यांनी आपली सारी गायकी उभी केली, ते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. खोके निवडायचे कसे, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतका चांगला रस्ता नाही.

सिगारच्या खोक्याची गिटार आली कुठून?

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सिगार लहान लाकडी खोक्यांत विकल्या जाऊ लागल्या. सिगार संपल्या की खोके फुकट उरे. ज्यांना विकतचे वाद्य परवडत नव्हते, त्यांनी त्याला झाडूचा दांडा आणि मिळेल ती तार लावली. ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स यांनी लहानपणी असेच वाद्य स्वतः बनवले. रॉकबिली गायक कार्ल पर्किन्स यांना त्यांच्या वडिलांनी सिगारचे खोके आणि झाडूचा दांडा जोडून पहिली गिटार करून दिली होती.

चांगली सिगारची खोकी स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाची असतात. आपल्याकडे सतार आणि तंबोऱ्यासाठी वापरले जाणारे तुनाचे लाकूड त्याचे जवळचे नातेवाईक. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी ही दोन्ही झाडे एकाच प्रजातीगटात धरत. दोन्ही कडुनिंबाच्या कुळातली. लाकूड हलके, सरळ रेषांचे, किडीला दाद न देणारे. हजारो मैलांवरच्या दोन कारागिरांनी एकमेकांना न विचारता जवळपास तेच लाकूड निवडले.

खोके नेमके काय करते?

ताणलेली तार एकटी छेडली तर जेमतेम ऐकू येते. ती बारीक असल्याने फार थोडी हवा हलवते. तारेचे कंपन घोडीमार्फत खालच्या पातळ पृष्ठभागाला मिळाले, की तो मोठा पृष्ठभाग भरपूर हवा हलवतो. आतली पोकळी त्यातल्या काही स्वरांना जास्त बळ देते. पोकळी मोठी असेल तर खालचे स्वर भरदार लागतात, लहान असेल तर आवाज वर चढतो.

पडताळा आत्ताच घेता येईल. मोबाइलवर एखादे गाणे लावा आणि तो रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवा. मग लाकडी डब्यात ठेवा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात. गाणे एकच, आवाज तीन. खोक्याला स्वतःचे गाणे नसते. तारेत जे आहे त्यातले काय दाखवायचे आणि काय गिळायचे, एवढेच ते ठरवते.

कोण होते अब्दुल करीम खाँ?

अब्दुल करीम यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावात झाला. त्याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण झाले. घराण्याचा उगम थोर बीनकार बंदे अली खाँ यांच्याशी जोडला जातो. बीन म्हणजे रुद्रवीणा : एक लांब दांडी आणि तिच्याखाली दोन भोपळे. किराणा गायकीत एकेका स्वरावर थांबण्याची, तो हळूहळू उलगडण्याची जी रीत आहे, तिची नाळ या वाद्याशी आहे. खाँसाहेब स्वतःही बीन वाजवत.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथे राजघराण्याच्या नात्यातले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. दोघांचे सूर जुळले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा. बडोद्यात ते मान्य होणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली.

खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार आणि उंच पट्टीतला. भारदस्त, छातीतून येणारा आवाज म्हणजेच मोठा गायक, अशी समजूत असलेल्या काळात हे उणे ठरू शकले असते. मैफलीत ध्वनिवर्धकही नव्हता. त्यांनी आवाज फुगवायचा प्रयत्न केला नाही. तो अधिकाधिक सुरेल केला. बारीक आवाजाला आधार लागतो तो मागच्या तंबोऱ्याचा. तंबोरा बेसूर असेल तर असा आवाज उघडा पडतो. तंबोरा जुळलेला असेल तर तोच आवाज सभागृहाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो. म्हणूनच या गायकाला तंबोऱ्याचा भोपळा ही किरकोळ बाब वाटली नाही.

मिरजेशी नाते कसे जुळले?

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या सगळ्या गावांकडे जाणारा कलावंत मिरजेवरून जाई. तिथे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. प्लेगच्या साथीत खाँसाहेब मिरजेत आजारी पडले, दर्ग्यात दुवा मागितली आणि बरे झाले, अशी आठवण मिरजेत आजही सांगितली जाते. त्यानंतर ते आणि मिरज वेगळे राहिले नाहीत. दर्ग्याच्या उरुसात ते सेवा म्हणून गात.

मिरजेकडे ओढणारे आणखी एक कारण गावातच होते. वाद्य बनवणारे कारागीर तिथे हाकेच्या अंतरावर होते.

तलवारी घासणारे हात तंबोऱ्याकडे कसे वळले?

मिरजेच्या वाद्यधंद्याची सुरुवात साधारण १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मानली जाते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या, तलवारींचे काम संपले. हातात कसब होते, पण गिऱ्हाईक नव्हते. संस्थानात येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्तीला येत. फरीदसाहेब आधी ती दुरुस्त करू लागले, मग स्वतः घडवू लागले. कानस, धार आणि मोजमाप यांची जाण त्यांना होतीच. पुढच्या पिढ्यांनी हेच काम धरले. त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली हे नाव मिळाले आणि सतारमेकर हे आडनावही रूढ झाले.

सिगारच्या खोक्याची गिटार गरजेतून जन्मली. मिरजेचा तंबोराही गरजेतूनच घडला. फरक एवढाच की मिरजेच्या कारागिरांसमोर रोज कान तयार असलेले गवई बसत. भोपळा चुकला तर ते तोंडावर सांगत. अशा गिऱ्हाइकामुळेच कारागिरी वाढते.

भोपळा कसा निवडतात?

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नसतो. तो कडू, जाड सालीचा आणि अवाढव्य असतो. पंढरपूरच्या परिसरात भीमेकाठी त्याचे पीक घेतले जाते. फळ वेलीवर पुरते पिकू देतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. घाईने तोडलेला भोपळा पुढे सुरकुततो किंवा तडकतो.

कारागीर तो चार गोष्टींवर पारखतो.

पहिली, आकार. घेर इंचांत मोजतात. पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या तंबोऱ्याला मोठा घेर लागतो, स्त्रियांच्या उंच पट्टीच्या तंबोऱ्याला लहान. गायकाची पट्टी माहीत नसताना भोपळा निवडणे म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणे.

दुसरी, गोलाई. एका बाजूला दबलेला किंवा वाकडा भोपळा दांडीला नीट बसत नाही आणि वाद्याचा तोल जातो.

तिसरी, सालीची जाडी. फार पातळ साल ताण सोसत नाही. फार जाड साल कंपन दाबून टाकते. जाडी सगळीकडे सारखी असणे सर्वांत महत्त्वाचे.

चौथी, टिचकी. वाळलेल्या भोपळ्यावर बोटाने वाजवले की तो खणखणीत बोलला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत ओल, कीड किंवा बारीक चीर असते. रंगरूप कितीही छान असले तरी असा भोपळा बाजूला ठेवतात.

मग भोपळा कापून आतला गर काढतात. त्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते, वर दांडी आणि खुंट्या. तबलीवर घोडी. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत कंपते. त्या उताराला इतके अचूक घासण्याच्या कामाला जवारी काढणे म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून योग्य जागी आणला, की तंबोरा एकदम उमलतो.

जुळलेल्या तंबोऱ्यात काय ऐकू येते?

तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात नसतेच. तरी उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. खर्जाच्या तारेच्या कंपनात मूळ स्वराच्या पाचपट वेगाचा एक अंश दडलेला असतो. तोच हा गंधार. जवारी आणि भोपळा चांगला असेल तर तो अंश वर येतो, नाहीतर आतच विरतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

अब्दुल करीम खाँ यांचे तंबोरे जुळवणे संगीताच्या जगात दंतकथेसारखे झाले, त्याचे कारण इथे आहे. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय ते गायला सुरुवात करीत नसत. वाद्यांची दुरुस्ती त्यांना स्वतःला येई. तार बदलणे, जवारी साफ करणे, सैल झालेला सांधा नीट करणे ही कामे ते आपल्या हाताने करीत. ज्या काळात मोठे गवई अशा कामाला हात लावणे कमीपणाचे मानत, त्या काळात हे वेगळे होते. आपल्या स्वराच्या मागे कोणती पोकळी उभी आहे, हे त्यांना दुसऱ्यावर सोपवायचे नव्हते.

बावीस श्रुतींचा वाद काय होता?

स्वरांबद्दलची ही ओढ त्यांना शास्त्राकडेही घेऊन गेली. सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना प्राचीन ग्रंथांतल्या बावीस श्रुती प्रत्यक्ष मोजून दाखवायच्या होत्या. त्यासाठी खरा सूर लावणारा गळा हवा होता. तो अब्दुल करीम खाँ यांनी दिला. ते गात, देवल तारेच्या लांबीवरून स्वरांचे प्रमाण मोजत. १९१० मध्ये देवल यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. सनदी सेवेतले इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनीही या कामात रस घेतला. त्यांतून श्रुती दाखवणारी खास हार्मोनियम तयार झाली.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे या हार्मोनियमवरून जोरदार मतभेद झाले आणि तिला मान्यता मिळाली नाही. पंडित भातखंडे यांची विचारधारा वेगळी होती. ज्या बडोद्यातून खाँसाहेबांना एकदा निघून जावे लागले होते, तिथेच त्यांच्या गळ्यावर बेतलेले हे यंत्रही नाकारले गेले.

या वादात कोण किती बरोबर होते यावर अभ्यासक अजून बोलतात. आपल्या प्रश्नापुरता एक मुद्दा मात्र पक्का आहे. हार्मोनियमच्या पट्ट्या कारखान्यात एकदा ठरल्या की ठरल्या. तंबोरा दर मैफलीला, दर रागाला नव्याने जुळवावा लागतो. खाँसाहेबांनी यंत्राला गळा दिला, पण स्वतः गाताना भरवसा भोपळ्यावरच ठेवला.

शाळा, घर आणि तुटलेली तार

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी तिथेच राहून शिकत. मुसलमान उस्तादाच्या शाळेच्या नावात आर्य हा शब्द होता, आणि शिकणारी बरीचशी मुले हिंदू घरांतली होती. शाळेचा खर्च जलशांच्या उत्पन्नातून भागवण्याची धडपड सतत चाले. पुढे मुंबईतही विद्यालयाचे काम सुरू झाले. पण पैशाचे गणित कधी नीट बसले नाही.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. लहानग्या भीमसेनला गाण्याचे वेड लावणाऱ्या गोष्टींत अब्दुल करीम खाँ यांची एक ध्वनिमुद्रिका होती. रोशनआरा बेगम यांनीही त्यांच्याकडे तालीम घेतली. पुढे त्या पाकिस्तानात गेल्या आणि तिथल्या सर्वांत मानाच्या गायिका ठरल्या.

घरात मात्र तार तुटली. १९२२ मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने. चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर. कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही उरलेली भावंडे. वडिलांचे नाव मुलांच्या नावापुढून गेले.

गायकीचे काय झाले? ती गेली नाही. सुरेशबाबूंनी शिष्य घडवले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली करून स्त्रियांसाठी मंचाचे दार उघडले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वती राणे मैफलींबरोबर चित्रपटांतही गायल्या. ऐकणाऱ्याला त्यांच्या गाण्यात कोणाचा सूर आहे हे सांगावे लागले नाही. नाव बदलता येते, पोकळीत घुमणारा स्वर बदलत नाही, हे या पाच भावंडांच्या बाबतीत महाराष्ट्राने प्रत्यक्ष ऐकले. पण बापलेकांमधले अंतर त्याने भरून आले, असे म्हणता येणार नाही. खाँसाहेबांची पुढची वर्षे मुख्यतः मिरजेत गेली.

दक्षिणेत ते का रमले?

म्हैसूरच्या दरबाराने त्यांना अनेकदा बोलावले आणि संगीतरत्न ही पदवी दिली. उत्तरेकडचे बहुतेक गवई कर्नाटक संगीतापासून चार हात लांब राहत. खाँसाहेबांनी ते ऐकले, शिकले आणि त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. त्यागराजांची एक रचनाही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. धारवाड, हुबळीपासून मद्रासपर्यंत त्यांचा श्रोता तयार झाला.

१९०५ च्या सुमारास त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी केलेल्या मुद्रिका घराघरांत पोहोचल्या. तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात भैरवीतली आणि झिंझोटीतली ठुमरी त्यांनी अशी गायली की आज नव्वद वर्षांनंतरही त्या मोबाइलवर ऐकल्या जातात. हेडफोन लावून ऐका. खरखरीच्या मागे तंबोरा शोधा. तो आवाजाच्या पुढे येत नाही, मागेही पडत नाही.

शेवटचा प्रवास कसा झाला?

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासला होते. तिथून ते रेल्वेने पाँडिचेरीला निघाले. वाटेत रात्री त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत प्रार्थना केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा देह मिरजेला आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात देशभरातले गायक-वादक तिथे येऊन हजेरी लावतात.

मिरजेच्या कारागिरीची आज स्थिती काय?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेबाहेर बनलेल्या वाद्याला मिरजेचे म्हणून विकता येणार नाही. मान मोठा आहे, अडचणीही आहेत. तंबोऱ्याचा आवाज देणारी उपकरणे आणि ॲप आल्यापासून नवा विद्यार्थी खरा तंबोरा घ्यायला कचरतो. अवकाळी पावसात भोपळ्याचे पीक हातचे जाते. भोपळा पिकून वाळायला आणि वाद्य घडायला लागणारा वेळ मात्र कमी करता येत नाही.

ॲपचा सूर चुकत नाही, हे खरे. पण ते जुळवायला शिकवत नाही. खुंटी पिळताना कान जो तयार होतो, तो बटण दाबून होत नाही. अब्दुल करीम खाँ यांचा अर्धा रियाज गाण्याआधीच होत असे, तो असा.

भंडाऱ्यात खोके शोधायचे तर काय पाहावे?

झाडीपट्टीला हे काम अनोळखी नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमत उभी राहते, तिच्यातले तुणतुणे म्हणजे एक पोकळ नळकांडे, खाली ताणलेले चामडे, एक काठी आणि एक तार. पूर्व विदर्भातल्या प्रधान समाजाची किंगरीही लाकूड, चामडे आणि तारा यांचीच. जंगलात पाणी नेण्यासाठी वापरला जाणारा वाळका तुंबा हा तर भोपळाच. खोके निवडण्याची परीक्षा तीच, जी मिरजेत भोपळ्याची.

आधी टिचकी मारा. झाकणाच्या मध्यभागी बोटाने वाजवा. आवाज खुला आणि थोडा रेंगाळणारा असेल तर खोके कामाचे. बद्द असेल तर दुसरे बघा.

झाकणाचे लाकूड पातळ हवे, साधारण ३ ते ५ मिलिमीटर. भरीव लाकूड सर्वांत चांगले, पातळ प्लायवूडही चालते. कागद चिकटवलेला जाड भुसा-बोर्ड आणि पुठ्ठा कंपन गिळतात. सुक्या मेव्याची किंवा भेटवस्तूंची लाकडी खोकी या कामाला उत्तम.

आकार साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब, १५ ते २० रुंद आणि किमान ५ सेंटिमीटर खोल असावा. उथळ खोक्यातून खालचे स्वर निघत नाहीत.

कोपरे घट्ट आहेत का, ते हलवून पाहा. खिळखिळा सांधा तारेबरोबर स्वतःही वाजतो. झाकण शेवटी चिकटवून किंवा स्क्रूने पक्के करा.

दांडी खोक्याच्या आरपार जाऊ द्या, म्हणजे तारेचा ताण दांडी सोसेल. पण झाकण आणि दांडी यांच्यात थोडी फट ठेवा. दांडी झाकणाला टेकली तर आवाज मरतो. घोडी खोक्याच्या काठावर ठेवू नका. काठ हलत नाही.

पत्र्याचा डबा वाईट नाही. त्याचा आवाज तीक्ष्ण आणि लवकर विझणारा असतो. तुणतुण्यासारखा ठसका हवा असेल तर पत्रा, गाण्याला साथ हवी असेल तर लाकूड. कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवा, मग खोके.

तीन तारांच्या या गिटारला बहुतेक जण सा-प-सा असे लावतात. हे स्वर ओळखीचे वाटले तर नवल नाही. तंबोऱ्यातही मुख्य स्वर हेच. तारा लावून झाल्या की लगेच वाजवायला घेऊ नका. तिन्ही तारा एकमेकींत मिसळेपर्यंत जुळवा. मग एकेक तार छेडून गप्प बसा आणि स्वर विझेपर्यंत ऐका. खोके बरोबर निवडले की नाही, याचे उत्तर त्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मिळते.